पैसा अबुजाहून, पाणी आपल्या बोअरवेलमधून: नायजेरियातील नागरिकाचा रोजचा वैताग

लागोस शहरात भाड्याचे घर पाहायला गेलेला माणूस खोल्या मोजण्याआधी तीन गोष्टींची चौकशी करतो. बोअरवेलला पाणी आहे का, जनरेटर रात्री किती वाजेपर्यंत चालतो आणि फाटकावर पहारेकरी असतो का. पाणी, वीज आणि सुरक्षितता यांची बोलणी घरमालकाशी होतात, कारण या गोष्टी सरकारकडून मिळतील असे गृहीत धरून तिथे कोणी संसार मांडत नाही. नायजेरियन लोक आपसांत म्हणतात की आमच्याकडे प्रत्येक घर म्हणजे एक स्वतंत्र नगरपालिका आहे. पाण्यासाठी बोअर आपण मारायची, वीज आपण निर्माण करायची, गल्लीतला खड्डा वर्गणी काढून बुजवायचा आणि रात्रीचा पहाराही आपणच बसवायचा.

देश गरीब आहे म्हणून असे होते, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. नायजेरियाची लोकसंख्या २० कोटींहून अधिक आहे, खनिज तेलाची निर्यात १९५८ पासून चालू आहे, देश १९७१ पासून तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या ओपेक या संघटनेचा सदस्य आहे आणि नैसर्गिक वायूचे आफ्रिकेतील सर्वांत मोठे साठे त्याच्याकडे आहेत. लागोसच्या बाजारपेठांत, चित्रपटउद्योगात आणि तंत्रज्ञान कंपन्यांत जी धडाडी दिसते ती पाहिल्यावर तिथल्या लोकांच्या कष्टाळूपणाविषयी शंका उरत नाही. तरीही बसथांब्यावर किंवा केशकर्तनालयात दोन नायजेरियन भेटले की बोलणे फिरून फिरून पुढाऱ्यांच्या लुटीवर येते. पुढारी भ्रष्ट आहेत ही तक्रार खरी आहे. परंतु १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून लष्करशहा आले आणि गेले, नागरी सरकारे आली, सत्तेवरचा पक्षही बदलला, आणि तरी नळ कोरडाच का राहिला, याचे उत्तर केवळ माणसांच्या वाईटपणात सापडत नाही. माझ्या मते ते पैशाच्या वाटेत सापडते. सरकार चालवण्यासाठी लागणारा पैसा अनेक दशके प्रामुख्याने तेलातून, म्हणजे वरून येत राहिला. त्यामुळे सत्तेवर बसलेला प्रत्येक माणूस पैसा जिथून येतो तिकडे तोंड करून बसतो आणि नागरिकाकडे त्याची पाठ होते. रोजच्या बहुतेक वैतागांचा माग काढत गेले की आपण याच गाठीशी येऊन पोहोचतो.

विजेचे काय झाले

लागोस, इबादान, पोर्ट हारकोर्ट अशा शहरांत कष्टकरी वर्ग ज्या इमारतींत राहतो त्या मराठी वाचकाला चाळीसारख्याच वाटतील. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे असलेल्या एकेक खोल्या, मागे सामाईक न्हाणीघर आणि स्वयंपाकाची जागा. अशा इमारतीत अनेकदा सगळ्यांना मिळून एकच मीटर असतो. आगाऊ पैसे भरून युनिट विकत घ्यायचे असतात आणि कोणाकडे फ्रिज आहे, कोणाकडे नुसता पंखा आणि दिवा आहे, कोण इस्त्री लावते, यावरून वर्गणीचे वाद झडत राहतात. ज्या घरांना मीटरच नाही त्यांना कंपनी अंदाजाने बिल पाठवते आणि महिन्याचे बरेच दिवस अंधारात काढलेल्या कुटुंबालाही ते भरावे लागते. वीज गेली की बोळाच्या तोंडाशी किंवा सज्जात ठेवलेले छोटे पेट्रोल जनरेटर दोरी ओढून एकामागून एक सुरू केले जातात. या लहान यंत्राला लोकांनी 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' अशा अर्थाचे नाव ठेवले आहे. त्याचा विषारी धूर बंद खोलीत साठून अख्खे कुटुंब झोपेतच दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात. मध्येच कधीतरी वीज परत येते आणि साऱ्या गल्लीतल्या मुलांच्या तोंडून एकच आरोळी उठते, 'अप नेपा!' नेपा या नावाचे सरकारी वीज प्राधिकरण २००५ मध्येच मोडीत निघाले, पण आज जी मुले ही आरोळी देतात त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये वीजनिर्मिती आणि वितरण खासगी कंपन्यांकडे सोपवण्यात आले, तर पारेषण सरकारकडेच राहिले. त्यानंतर जे घडले ते थकबाकीचे चक्र आहे. वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांना पुरेसा वायू मिळत नाही, कारण वायूचे पैसे थकलेले असतात. पैसे थकतात, कारण वितरण कंपन्यांची वसुली अपुरी पडते. वसुली अपुरी पडते, कारण लाखो ग्राहकांकडे मीटर नाहीत आणि न मिळालेल्या विजेचे पैसे देण्याची कोणाची इच्छा नसते. शिवाय सरकारने विजेचे दर खर्चापेक्षा कमी ठेवले, फरक आपण देऊ असे कबूल केले आणि तो वेळेवर दिला नाही. परिणामी, स्थापित क्षमता १३,००० मेगावॅटच्या आसपास असूनही प्रत्यक्षात साधारण ४,००० ते ५,००० मेगावॅट वीज ग्रिडमधून फिरते. एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातील मागणी २५,००० मेगावॅटच्या वर जाते, यावरून तुटवड्याचा अंदाज यावा. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने रोज किमान २० तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा एक वेगळा गट ठरवून त्यांचा दर एका युनिटला सुमारे ६८ नायरांवरून (नायरा हे नायजेरियाचे चलन) २२५ नायरांवर नेला. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रिड मात्र पुन्हा पुन्हा कोसळली आणि सारा देश एकदम अंधारात जाण्याचे प्रसंग आले.

यातला राजकीय भाग लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या वर्गाचा आवाज मंत्र्यांपर्यंत पोहोचू शकतो, त्या वर्गाने डिझेल जनरेटर, इन्व्हर्टर आणि सौर पॅनेल घेऊन स्वतःची सोय केव्हाच करून घेतली आहे. खासगी शाळा, खासगी दवाखाने आणि कुंपणाआडच्या वसाहती ही त्याच सोयीची पुढची पावले आहेत. सार्वजनिक सेवा बिघडल्यावर ती सुधारायला लावण्याची ताकद ज्यांच्यात असते तेच आधी तिच्यातून बाहेर पडतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात तर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासाठी सौरऊर्जेची व्यवस्था करायला १० अब्ज नायरांची तरतूद करण्यात आली. देशाच्या ग्रिडवर देशाचे सर्वोच्च कार्यालयही विसंबून राहत नाही, ही गोष्ट सामान्य नायजेरियन माणसाला फार लागली, आणि ते स्वाभाविक आहे.

तेल सापडण्याआधीचा देश आणि नंतरचा

नायजेरियातील पैशाची व्यवस्था आधीपासून अशी नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचे उत्तर, पश्चिम आणि पूर्व असे तीन मोठे प्रांत होते. उत्तर प्रांत भुईमुगावर, पश्चिम प्रांत कोकोवर आणि पूर्व प्रांत पामतेलावर जगत असे, आणि प्रत्येक प्रांताला आपल्या शेतकऱ्याच्या उत्पन्नातूनच कारभार चालवावा लागे. पश्चिम प्रांतात ओबाफेमी अवोलोवो यांच्या सरकारने १९५५ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले ते कोकोच्या पैशातून. ते दिवस तेव्हाच्या पिढीने पाहिले आहेत, म्हणूनच नैर्ऋत्य नायजेरियातील म्हातारी माणसे आजच्या पुढाऱ्यांविषयी बोलताना त्या काळाचा दाखला देतात. त्या प्रांतिक राजकारणात भ्रष्टाचार आणि वांशिक चुरस होतीच, परंतु करदाता आणि सरकार यांच्यात एक थेट धागा होता.

हा धागा तीन गोष्टींनी तुटला. ओलोइबिरी या नायजर डेल्टातील, म्हणजे नायजर नदीच्या मुखाजवळच्या प्रदेशातील गावी १९५६ मध्ये व्यापारी प्रमाणात तेल सापडले. १९६६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. आणि १९६७ ते १९७० या काळात, पूर्वेकडचा भाग बियाफ्रा या नावाने फुटून निघाल्यामुळे, भीषण गृहयुद्ध झाले. युद्ध लढणाऱ्या केंद्राने तेलाचे उत्पन्न आपल्या हातात घेतले आणि ते पुन्हा सोडले नाही. १९६३ च्या राज्यघटनेनुसार खनिजांच्या स्वामित्वधनातील निम्मा वाटा ज्या प्रांतातून ती निघत त्या प्रांताला मिळत असे. पुढे लष्करी राजवटींत तो जवळजवळ नाममात्र उरला आणि १९९९ च्या राज्यघटनेने किमान १३ टक्के असा ठरवून दिला. ज्यांच्या शेतांवर आणि खाड्यांवर तेलाचे तवंग पसरले त्या डेल्टातील लोकांनी याविरुद्ध आवाज उठवला. ओगोनी लोकांचे नेते केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी सानी अबाचाच्या लष्करी सरकारने फाशी दिली.

लष्करी राजवटींनी आणखी एक गोष्ट केली. १९६७ मध्ये १२ राज्ये केली, १९७६ मध्ये १९, १९९१ मध्ये ३० आणि १९९६ मध्ये ३६. नवे राज्य म्हणजे केंद्राच्या तिजोरीत नवा वाटेकरी, त्यामुळे प्रत्येक समाजगटाला आपले राज्य हवे झाले. आज दर महिन्याला राजधानी अबुजा येथे एका समितीची बैठक भरते आणि देशाच्या सामाईक खात्यात जमा झालेला पैसा वाटला जातो. त्यात केंद्राला ५२.६८ टक्के, राज्यांना २६.७२ टक्के आणि स्थानिक शासनांना २०.६० टक्के मिळतात. बहुतेक राज्यांचे कर्मचाऱ्यांचे पगार या मासिक वाटपावर अवलंबून असतात आणि तेलाचा भाव पडला की अनेक राज्यांत शिक्षकांचे व निवृत्तांचे पैसे महिनोन्महिने थकतात. अशा व्यवस्थेत गव्हर्नरला, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाला, आपल्या राज्यात कारखाना उभा राहिला किंवा शेती सुधारली, तर त्याचा तिजोरीला लगेच फायदा दिसत नाही. अबुजात आपले वजन असले की पुरते. आपल्याकडे म्हणतात की वाढपी ओळखीचा असला तर पंगतीत शेवटी बसले तरी चालते. नायजेरियाचे सारे राजकारण हा वाढपी आपल्या जमातीचा, आपल्या धर्माचा, निदान आपल्या ओळखीचा असावा यासाठी चाललेली धडपड आहे. म्हणून तिथला गरीब माणूसही आपल्या भागातील लुटारू पुढाऱ्याचे समर्थन करताना दिसतो. त्याला वाटते, हा गेला तर पळीभरही आपल्या पानात पडणार नाही.

याला मोठा अपवाद लागोसचा. २००४ मध्ये लागोस राज्याने परस्पर नवी स्थानिक शासने निर्माण केली म्हणून केंद्राने त्याचा स्थानिक शासनांचा निधी अडवला. तेव्हा गव्हर्नर असलेले बोला टिनुबू, जे २०२३ पासून देशाचे अध्यक्ष आहेत, त्यांनी राज्याची करवसुली वाढवली. पुढची सरकारेही त्याच वाटेने गेली. आज लागोस हे स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहू शकणारे राज्य समजले जाते. तिथल्या कारभारात दोष थोडे नाहीत, पण तिथला नागरिक 'माझा कर कुठे गेला' असे विचारतो, आणि हा प्रश्न इतर अनेक राज्यांत अजून नीट उभाच राहिलेला नाही.

गटार कोणी साफ करायचे

नायजेरियात ७७४ स्थानिक शासने आहेत आणि ती राज्यघटनेत नोंदलेली आहेत. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, बाजार, बसचा अड्डा, गल्लीतला रस्ता आणि गटार यांच्याशी त्यांचा थेट संबंध येतो. केंद्राकडून त्यांच्या नावाने पैसाही निघतो. परंतु घटनेनेच राज्य आणि स्थानिक शासन यांचे एक संयुक्त खाते असावे असे सांगितले, आणि त्या खात्याची किल्ली गव्हर्नरच्या हातात राहिली. कित्येक राज्यांत वर्षानुवर्षे स्थानिक निवडणुकाच घेतल्या गेल्या नाहीत. गव्हर्नरने नेमलेल्या काळजीवाहू समित्या कारभार पाहत राहिल्या. निवडणुका झाल्या तरी त्या राज्याच्याच आयोगाने घ्यायच्या, आणि त्यात राज्यातील सत्ताधारी पक्ष जवळजवळ सगळ्या जागा जिंकतो. त्यामुळे पावसाळ्यात घरात पाणी शिरलेल्या माणसाला तक्रार घेऊन जाण्यासाठी एक कार्यालय असते, पण त्या कार्यालयाकडे पैसा नसतो आणि अधिकारही नसतो.

११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक शासनांचा पैसा थेट त्यांच्याच खात्यात गेला पाहिजे आणि नेमलेल्या समित्यांचा कारभार घटनाबाह्य आहे, असा निकाल दिला. मी याला गेल्या अनेक वर्षांतील अत्यंत महत्त्वाचा निकाल मानतो. त्यानंतर अनेक राज्यांनी घाईघाईने निवडणुका उरकल्या आणि पुन्हा गव्हर्नरांचीच माणसे निवडून आणली, हेही नोंदवले पाहिजे.

हीच स्थानिक कार्यालये मूळ रहिवासाचा दाखला देतात. गृहयुद्धानंतर कोणत्याही एका गटाने केंद्र सरकार बळकावू नये म्हणून १९७९ च्या राज्यघटनेत नोकऱ्या आणि पदे सर्व राज्यांत वाटली जावीत असे तत्त्व आले. हेतू चांगला होता. मात्र व्यवहारात तुम्ही कुठे जन्मलात आणि कुठे कर भरता यापेक्षा तुमचे आजोबा-पणजोबा कुठले हे महत्त्वाचे ठरले. जोस शहरात तीन पिढ्या दुकान चालवणारे कुटुंबही 'बाहेरचे' ठरू शकते आणि त्याच्या मुलाला तिथला दाखला मिळत नाही, म्हणजे राज्याच्या विद्यापीठातील प्रवेशात आणि सरकारी नोकरीत तो मागे पडतो. जोसमध्ये २००१ पासून झालेल्या रक्तरंजित दंगलींच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हा प्रश्नही होता.

रस्त्यावरचे सरकार

सामान्य माणसाची सरकारशी रोजची गाठ पडते ती पोलिसाच्या रूपात. महामार्गावर लाकडाचे ओंडके किंवा टायर टाकून केलेल्या तपासनाक्यावर चालक खिडकीतून नोट पुढे करतो आणि गाडी पुढे जाते. शहरातील पिवळ्या डान्फो मिनीबसच्या चालकाला पोलिसांखेरीज वाहतूक संघटनेच्या नावाने थांब्याथांब्यावर पैसे उकळणाऱ्या तरुणांनाही द्यावे लागतात. नायजेरियात करवसुली जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक आहे असे अर्थतज्ज्ञ सांगतात, पण हे डान्फोचालकाला सांगून पाहावे. तो सकाळपासून रात्रीपर्यंत देतच असतो, फक्त त्या पैशाची पावती नसते आणि तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. पोलीस ठाण्यांच्या भिंतींवर 'जामीन मोफत आहे' असे रंगवलेले असते. आत गेलेल्या माणसाच्या नातेवाइकांना त्याची किंमत विचारावी लागते.

पोलीस दल संपूर्णपणे केंद्राच्या अधीन आहे. गव्हर्नरला राज्याचा मुख्य सुरक्षा अधिकारी म्हटले जाते, परंतु त्याच्या राज्यातील पोलीस आयुक्त आज्ञा घेतो ती अबुजाहून. त्यातच बरेच पोलीस धनिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या संरक्षणाला दिलेले असतात. दुसरीकडे, उत्तरेत शाळांतून मुलांना आणि महामार्गांवरून प्रवाशांना खंडणीसाठी पळवून नेले जाते आणि खेडूत जमीन विकून खंडणी भरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये दरोडेखोरीविरोधी विशेष पथकाच्या अत्याचारांविरुद्ध तरुणांनी देशभर निदर्शने केली. महागडा फोन किंवा लॅपटॉप बाळगणाऱ्या तरुणाला फसवणूक करणारा समजून पकडायचे आणि एटीएमपर्यंत नेऊन पैसे काढायला लावायचे, असे अनुभव हजारोंनी सांगितले. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद मागायची कोणाकडे, हा त्या आंदोलनाचा सवाल होता. २० ऑक्टोबरच्या रात्री लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर राष्ट्रगीत गात बसलेल्या निदर्शकांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. लागोस राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने त्या घटनेची तुलना हत्याकांडाशी केली. सरकारने तो निष्कर्ष मानला नाही.

पेट्रोल: हाती आलेला एकमेव वाटा

पेट्रोलचा भाव वाढला की नायजेरियात एवढा उद्रेक का होतो, हे बाहेरच्याला कळत नाही. चारही सरकारी तेलशुद्धीकरण कारखाने वर्षानुवर्षे जवळजवळ बंद असल्यामुळे हा तेलसंपन्न देश आपलेच कच्चे तेल विकून पेट्रोल बाहेरून आणत असे आणि सरकारी अनुदानाने ते स्वस्तात विके. अनुदानाच्या नावाखाली आयातदारांनी मोठे घोटाळे केले, स्वस्त पेट्रोल शेजारच्या देशांत चोरून गेले आणि त्याचा अधिक लाभ गाड्या बाळगणाऱ्यांना झाला, ही टीका सगळी खरी आहे. पण ज्याला नळ नाही, वीज नाही, दवाखाना नाही, त्याच्या हिशेबी देशाच्या तेलातून त्याला मिळालेली एवढी एकच वस्तू होती. जानेवारी २०१२ मध्ये गुडलक जोनाथन यांच्या सरकारने अनुदान काढून भाव लिटरला ६५ नायरांवरून १४१ च्या आसपास नेला, तेव्हा देशव्यापी संप झाला आणि तो ९७ वर आणावा लागला.

२९ मे २०२३ रोजी टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच अनुदान संपल्याचे जाहीर केले. २०० नायरांच्या आत असलेले पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या आसपास, जुलैमध्ये ६१७ आणि २०२४ च्या शरदात १,००० नायरांच्या वर गेले. जून २०२३ मध्ये चलनावरील नियंत्रणही सैल केले गेले आणि डॉलरला ४६० ते ४७० नायरांचा असलेला अधिकृत दर पुढच्या वर्षी १,५०० च्या घरात पोहोचला. या घसरणीची झळ थेट महाराष्ट्रापर्यंत आली. नायजेरियातील रस्त्यांवर धावणाऱ्या पिवळ्या 'केके' म्हणजे आपल्या ओळखीच्या बजाजच्या तीनचाकी रिक्षा, आणि बजाजच्या दुचाकींनाही तिथे मोठी मागणी असते. नायरा कोसळल्यावर तिकडची मागणी आटली आणि पुण्याच्या या कंपनीची निर्यात घसरली. लागोस किंवा कानोच्या रिक्षावाल्याच्या बाजूने पाहिले तर गाडीची किंमत, सुटे भाग आणि पेट्रोल हे सारे एकदमच हाताबाहेर गेले होते.

अनुदान काढणे कधी ना कधी अटळ होते, असे मला वाटते. मात्र ज्याच्याकडून त्याग मागितला त्याच्या बदल्यात काय ठेवले, हा प्रश्न उरतो. जुलै २०२४ मध्ये किमान वेतन महिना ३०,००० वरून ७०,००० नायरांवर नेले गेले, पण त्या वर्षी ५० किलो तांदळाचे पोते त्याहून महाग मिळत होते. २०२३ मध्येच कायदेमंडळाच्या सदस्यांसाठी प्रत्येकी सुमारे १६ कोटी नायरांच्या मोठ्या गाड्या घेण्यात आल्या आणि एका सिनेटरने समर्थन करताना देशातील रस्ते खराब असल्याचे कारण दिले. याआधी, मार्च २०१८ मध्ये, सिनेटर शेहू सानी यांनी उघड केले होते की सिनेटरला पगाराखेरीज महिन्याला १ कोटी ३५ लाख नायरा खर्चासाठी मिळतात. तेव्हाचे किमान वेतन १८,००० नायरा होते. म्हणजे सिनेटरच्या एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम मिळवायला किमान वेतनावरच्या कामगाराला ७५० महिने, साडेबासष्ट वर्षे, काम करावे लागले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये लोक पुन्हा रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या फलकांवर भुकेचा उल्लेख सर्वांत जास्त होता.

मत देऊन काय होते

२०१५ मध्ये नायजेरियात प्रथमच सत्तेवरील अध्यक्ष मतपेटीतून हरला आणि त्याने पराभव मान्य केला. त्या दिवसाचा आनंद खरा होता. त्यानंतर आशा ओसरत गेली. विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या २०२२ मधील संपामुळे विद्यार्थ्यांचे आठ महिने वाया गेले, आणि मुहम्मदू बुहारी अध्यक्ष असताना उपचारांसाठी लंडनला जात राहिले. २०१७ मध्ये तर एका खेपेला ते शंभरहून अधिक दिवस तिथे होते. २०२३ च्या निवडणुकीच्या तोंडावर नोटाबदलामुळे रोकड इतकी आटली की लोकांना आपलेच पैसे काढण्यासाठी रस्त्यावरच्या एजंटांना कमिशन द्यावे लागले. तरीही त्या निवडणुकीत तरुणांनी मोठ्या उमेदीने नोंदणी केली आणि पीटर ओबी या तिसऱ्या उमेदवाराने लागोससह अनेक राज्ये जिंकली. मतदानकेंद्रांवरचे निकाल थेट संकेतस्थळावर चढतील, असे निवडणूक आयोगाने सांगितले होते. अध्यक्षपदाच्या मतदानादिवशी, २५ फेब्रुवारीला, ती यंत्रणा चालली नाही. सुमारे ९ कोटी ३० लाख नोंदणीकृत मतदारांपैकी अवघ्या २७ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले आणि सुमारे ८८ लाख मतांवर अध्यक्ष निवडून आला.

निवडून आलेला माणूस पक्ष बदलतो, तेव्हा मतदाराला वाटते की आपल्या मताला अर्थच उरला नाही. २०२५ मध्ये विरोधी पक्षाचे गव्हर्नर एकामागून एक सत्ताधारी पक्षात गेले. पैसा अबुजाहून येतो हे आठवले की त्यात नवल वाटत नाही. पदावर असेपर्यंत अध्यक्ष, उपाध्यक्ष, गव्हर्नर आणि उपगव्हर्नर यांच्यावर खटला चालवता येत नाही, असे घटनेचे ३०८ वे कलम सांगते, आणि पद गेल्यावरही खटले सहसा शेवटास जात नाहीत. डेल्टा राज्याचे माजी गव्हर्नर जेम्स इबोरी यांच्यावरील १७० आरोप नायजेरियातील न्यायालयाने २००९ मध्ये फेटाळले. त्यानंतर लंडनमधील न्यायालयात त्यांनी गुन्हे कबूल केले आणि २०१२ मध्ये त्यांना १३ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांना जमेल ते डॉक्टर, परिचारिका आणि अभियंते देश सोडून जात आहेत, आणि त्यांना दोष देणे मला जमत नाही.

जे राहिले आहेत त्यांच्यातील काहींनी पैशाच्या वाटेवरच उभे राहायचे ठरवले आहे. बजिट ही संस्था २०११ पासून अर्थसंकल्पाचे आकडे सामान्य माणसाला कळतील अशा रीतीने मांडते. तिच्या ट्रॅका या उपक्रमाचे कार्यकर्ते मतदारसंघाच्या नावाने मंजूर झालेल्या कामांची यादी घेऊन गावात जातात, इथे दोन वर्गखोल्या किंवा एक बोअरवेल मंजूर झाली होती आणि तिला इतके पैसे निघाले होते, असे गावकऱ्यांना दाखवतात, जागेचे छायाचित्र घेतात आणि संबंधित खात्याला व लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला लावतात. अशा पाठपुराव्यानंतर निघून गेलेला कंत्राटदार परत येऊन काम पूर्ण करून गेल्याचे प्रसंग घडले आहेत. याच्या जोडीला २०२६ च्या जानेवारीपासून नवे करकायदे लागू झाले आहेत. वर्षाला ८ लाख नायरांपर्यंत कमावणाऱ्याला आयकर माफ आहे, पण एकूण करवसुली वाढवणे हा त्यांचा उघड उद्देश आहे, आणि पावती हातात असलेल्या नागरिकाला उत्तर देणे सरकारला आजवर फारसे करावे लागलेले नाही. २०११ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार सरकारी कार्यालयाने सात दिवसांत उत्तर द्यायचे असते. हा कायदा आम्हाला लागू नाही, असे राज्य सरकारे अनेक वर्षे सांगत होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्र, राज्य आणि स्थानिक शासन या तिन्ही पातळ्यांना लागू असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे गावच्या आरोग्य केंद्राच्या छताचे पैसे कुठे गेले हे विचारणारे पत्र आता गव्हर्नरच्या कार्यालयाला आणि स्थानिक शासनाच्या अध्यक्षालाही पाठवता येते, आणि उत्तर न आल्यास त्यांना न्यायालयात खेचता येते.